मिलानचा दिवाणखाना

(मंडळाच्या श्रावणातील बैठकीत दिलेले भाषण)



परदेशी जाऊन आलेल्या बाईने मंडळात चार शब्द बोलावेत, हा आपला जुना रिवाज आहे. त्याप्रमाणे चिटणीसबाईंनी मला ‘इटलीचा प्रवास’ असा विषय दिला होता. परंतु साऱ्या देशाचे वर्णन अर्ध्या तासात करू लागले, तर विमानतळ, थंडी आणि तिथे न मिळणारी कोथिंबीर यांपलीकडे तुमच्या हाती फारसे काही लागणार नाही. म्हणून मी एकाच वास्तूविषयी बोलणार आहे. ती इमारत म्हटली तर इमारत आहे, रस्ता म्हटला तर रस्ता आहे, आणि बाजार म्हटला तर बाजारही आहे.

मुलीच्या नोकरीच्या निमित्ताने मिलान शहरात माझे दोन महिने राहणे झाले. तेथील मोठ्या चर्चपुढे, ज्याला दुओमो म्हणतात, एक विस्तीर्ण चौक आहे. चौकाच्या एका अंगाला प्रचंड कमान दिसते. त्या कमानीतून आत शिरले की आपण एका रस्त्यावर असतो, पण डोक्यावर आभाळाऐवजी काचेचे छप्पर असते. दोन्ही बाजूंना उंच इमारती, तळाशी दुकाने, आणि सरळ चालत गेले की दुसऱ्या टोकाला स्काला नावाच्या जगप्रसिद्ध नाट्यगृहासमोर आपण बाहेर पडतो. या रस्त्याचे नाव गॅलरिया व्हित्तोरिओ इमान्युएले. मिलानचे लोक मात्र तिला ‘आमच्या शहराचा दिवाणखाना’ असे कौतुकाने म्हणतात. हा शब्द माझ्या मनात फार घोळत राहिला. तो का, ते पुढे सांगेन.

प्रथम अशा छपराखालच्या बाजारांचा थोडा पूर्वेतिहास पाहू. दीडदोनशे वर्षांपूर्वी युरोपातील शहरांचे रस्ते आज दिसतात तसे नीटनेटके नव्हते. मधून घोडागाड्या धावत, कडेला चिखल आणि सांडपाणी असे, आणि चालणाऱ्यासाठी पदपथ क्वचितच असे. पायघोळ झग्यातल्या बाईने पावसाळी दिवशी चार दुकाने फिरावयाची म्हणजे एक दिव्यच. यावर पॅरिसच्या व्यापाऱ्यांनी युक्ती काढली. दोन रस्त्यांना जोडणाऱ्या बोळावर काचेचे छप्पर घालावयाचे आणि दोन्ही बाजूंना दुकाने मांडावयाची. गिऱ्हाईक कोरडे राहिले म्हणजे ते रेंगाळते, आणि रेंगाळले म्हणजे खरेदी करते! लंडनला १८१९ मध्ये बर्लिंग्टन आर्केड उघडले, ब्रुसेल्सला १८४७ मध्ये सां-ह्युबेर नावाची भव्य गॅलरी झाली. बर्लिंग्टन आर्केडची शिस्त मोठी कडक. तेथे गणवेशातले खास पहारेकरी असत आणि आजही आहेत. आत धावायचे नाही, शीळ घालायची नाही, आणि रात्री दारे बंद. म्हणजे वाट दिसायला रस्त्यासारखी, पण मालकी खाजगी.

मिलानची गोष्ट येथे वेगळी होते. १८५९ मध्ये ऑस्ट्रियाची सत्ता त्या शहरातून उठली आणि १८६१ मध्ये इटलीचे एकसंध राज्य जाहीर झाले. शतकानुशतके परक्यांच्या हुकमतीखाली राहिलेल्या लोकांना आपल्या स्वातंत्र्याची खूण म्हणून काही उभारावेसे वाटणे साहजिकच होते. चर्चचा चौक आणि स्काला यांच्यामध्ये त्या वेळी जुन्या घरांची दाटी होती. ती मोकळी करून एक नवा रस्ता काढावा आणि त्याला राजा व्हित्तोरिओ इमान्युएले यांचे नाव द्यावे, असे ठरले. अनेक वास्तुशिल्पज्ञांनी आराखडे पाठविले. अखेर १८६३ मध्ये जुझेप्पे मेंगोनी या बोलोन्याकडील तरुणाचा आराखडा पसंत झाला.

शहरापाशी एवढा पैसा नव्हता, म्हणून बांधकामाचा ठेका एका इंग्रज कंपनीला देण्यात आला. जुनी घरे पडली. चौकात पंधराव्या शतकातील एक खांबांची ओवरी होती, तिच्या सावलीत पिढ्यानपिढ्या दुकाने चालत. तीही १८६४ मध्ये पाडण्यात आली. नवा छायेचा बाजार उभा करण्यासाठी जुना छायेचा बाजार गेला! ७ मार्च १८६५ रोजी राजाच्या हस्ते कोनशिला बसली आणि अवघ्या अडीच वर्षांत, १५ सप्टेंबर १८६७ रोजी, गॅलरियाचे उद्घाटन झाले. पुढची मोठी कमान तेवढी अपुरी होती. पुढे ती इंग्रज कंपनी डबघाईला आली आणि १८६९ मध्ये नगरपालिकेने सारी गॅलरिया विकत घेतली. भगिनींनो, ही तारीख लक्षात ठेवावी. तेव्हापासून आजतागायत ती शहराच्या मालकीची आहे.

आता बांधणीविषयी. गॅलरियाचा नकाशा क्रूसाच्या आकाराचा आहे. एक लांब रस्ता, त्याला छेदणारा एक आखूड रस्ता. लांब बाहू सुमारे १९६ मीटर आणि आखूड बाहू सुमारे १०५ मीटर आहे. रुंदी साडेचौदा मीटर. दोन्ही जेथे भेटतात तेथे अष्टकोनी चौक आहे, आणि त्यावर काचेचा घुमट. या घुमटाची उंची जमिनीपासून ४७ मीटर, म्हणजे आपल्याकडील पंधरा मजली इमारतीएवढी. रस्त्यांवरचे छप्पर बैलगाडीच्या टपासारखे अर्धगोल आहे. लोखंडी कमानी ओळीने उभ्या केल्या आहेत, त्यांच्यामध्ये काचा बसविल्या आहेत, आणि सगळा भार दोन्ही बाजूंच्या भिंतींवर घेतला आहे. यासाठी सुमारे साडेतीनशे टन लोखंड लागले. ते पॅरिसच्या एका कारखान्यात घडविण्यात आले होते.

मला यात एक गोष्ट फार शहाणपणाची वाटली. त्या काळी लोखंड आणि काच ही रेल्वे स्टेशनांची आणि कारखान्यांची सामग्री मानली जाई. मेंगोनी यांनी ती वर, माथ्यावर ठेवली. खाली मात्र माणसाच्या नजरेच्या टप्प्यात दगडी खांब, सज्जे, कठडे, पुतळे, वेलबुट्ट्या असे जुन्या राजवाड्याला शोभेल असे काम केले. म्हणून तेथे उभे राहिले की यंत्रशाळेत आल्यासारखे वाटत नाही. प्रकाश मात्र यंत्रयुगाचा मिळतो. दुपारी तो उजेड काचेतून गाळून आल्यासारखा मऊ असतो. लख्ख ऊन अंगावर येत नाही आणि अंधारही वाटत नाही.

घुमटाखाली चार बाजूंना चार अर्धवर्तुळाकार चित्रे आहेत. युरोप, आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या चार खंडांची. आशियाकडे मी साहजिकच जरा जास्त वेळ पाहिले. खाली जमिनीवर रंगीत खड्यांची नक्षी आहे. मधोमध राजघराण्याचे चिन्ह, आणि भोवती मिलान, तोरिनो, फ्लॉरेन्स व रोम या शहरांची चिन्हे. तोरिनो, फ्लॉरेन्स आणि रोम या इटलीच्या एकामागून एक झालेल्या तीन राजधान्या. तोरिनोचे चिन्ह बैल. त्या बैलावर टाच रोवून गिरकी घेतली म्हणजे दैव उघडते, अशी तेथे समजूत आहे. हजारो माणसांच्या टाचांनी तेथे खळगा पडतो आणि नगरपालिका तो पुन्हा बुजविते. आपण लोक भोळसट आणि ते लोक शास्त्रीय, असे म्हणणाऱ्यांनी तेथे एकदा रांग पाहून यावी.

विजेच्या आधी तेथे गॅसच्या बत्त्या होत्या. घुमटाच्या बैठकीभोवती इतक्या उंचीवर वर्तुळाकार बत्त्या लावावयाच्या कशा? त्यासाठी रुळांवरून धावणारे एक छोटेसे इंजिन केले होते. ते गरगर फिरत एकेक बत्ती पेटवीत जाई. मिलानच्या बोलीत त्याला ‘राटिन’, म्हणजे उंदीर म्हणत. तिन्हीसांजेला तो उंदीर पाहण्यासाठी बायकामुले माना वर करून उभी राहत. घरोघरी कंदिलाच्या काचा पुसण्याच्या वेळी आपल्याकडेही मुले अशीच भोवती गोळा होत असत. पुढे १८८३ मध्ये शेजारच्याच गल्लीत वीजनिर्मितीचे केंद्र सुरू झाले आणि उंदराचे दिवस भरले.

आता मेंगोनी यांच्याविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. ती अपुरी राहिलेली कमान १८७७ च्या अखेरीस पूर्ण होत आली होती. ३० डिसेंबरला ते काम पाहण्यासाठी परांचीवर चढले आणि वरून खाली पडून मृत्यू पावले. वय अवघे अठ्ठेचाळीस. ज्याचे नाव त्या वास्तूला दिले, तो राजाही पुढच्या दहा दिवसांच्या आत, ९ जानेवारी १८७८ रोजी वारला. टीकेला कंटाळून मेंगोनींनी जीव दिला, असेही त्या वेळी लोक बोलले. लोकांची जीभ कोठे धरावी? मला मात्र एवढेच दिसते की बांधणारा परांचीवर गेला, नाव राजाचे लागले, आणि ज्या गवंड्यांनी, सुतारांनी, काच बसविणाऱ्यांनी ते काम उभे केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओठी नाही.

दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये, मिलानवर बाँबवर्षाव झाला. गॅलरियाच्या छपराच्या काचा उडाल्या, आतील भागाची नासधूस झाली. शेजारचे स्कालाही भाजून निघाले. शहरात राहायला घरे नव्हती, तरीही लोकांनी हे छप्पर पुन्हा उभारावयाचे ठरविले. दुरुस्ती १९५५ पर्यंत चालली. उघड्या पडलेल्या घराचे छप्पर आधी शाकारावे, हे आपल्यापैकी कोकणातल्या भगिनींना सांगावयास नको. तिथल्या लोकांना तो रस्ता आपल्या घराचाच भाग वाटत होता, असाच मी याचा अर्थ घेते.

येथे मी त्या ‘दिवाणखाना’ शब्दाकडे येते. आपल्या जुन्या वाड्यांची रचना आठवा. दिवाणखाना पुरुषांचा, माजघर आणि स्वयंपाकघर बायकांचे. दिवाणखान्यात कोण आले, काय बोलणे झाले, हे आपल्या आज्यांना दाराआडून कळे. युरोपातील बाईची अवस्था त्या काळी फार निराळी होती असे समजू नका. तिलाही एकटीने शहरात वावरण्यास कारण लागे. गॅलरियासारख्या जागेने तिला एक सोयीचे कारण दिले. खरेदी! हातात लहानशी पिशवी असली म्हणजे कोणी विचारीत नाही. आणि एकदा पाय रस्त्यात पडला म्हणजे तो केवळ दुकानापर्यंत जाऊन परत येत नाही. आजही संध्याकाळी तेथील वृद्ध स्त्रिया नीटनेटका पोशाख करून, एकमेकींच्या हातात हात घालून, उगाच इकडून तिकडे फिरतात. या फिरण्याला त्यांच्यात ‘पासेज्जाता’ म्हणतात. काही विकत घेतलेच पाहिजे असे नाही.

सर्वच गोड होते असे मात्र मी म्हणणार नाही. तेथील उपाहारगृहात खुर्चीवर बसून घेतलेली कॉफी फार महाग पडते. गल्ल्यापाशी उभ्याने घेतली तर स्वस्त. आम्ही मायलेकी उभ्यानेच घेत असू. कांपारी नावाच्या कुटुंबाने १८६७ मध्येच तेथे आपले कॅफे थाटले. त्यांचा मुलगा दाविदे त्याच वर्षी जन्मला. गॅलरियात जन्मलेले पहिले मूल तेच, असे म्हणतात. आज मात्र सामान्य माणसाने तेथे घर करून राहावे ही गोष्ट उरलेली नाही. दुकानांच्या पाट्या काळ्या जमिनीवर सोनेरी अक्षरांच्याच हव्यात, असा नियम आहे, आणि तो शोभतोही; पण त्या सोनेरी अक्षरांमागचे भाडे परवडणारे दुकानदार फार थोडे. २०१२ मध्ये वीस वर्षे चाललेले एक स्वस्त खाण्याचे दुकान, मॅक्डॉनल्ड, तेथून उठले आणि त्या जागी प्राडा या कंपनीचे दुसरे दुकान आले.

या प्राडाविषयी दोन शब्द अवश्य सांगावयाचे आहेत. मारिओ प्राडा आणि त्यांचे बंधू यांनी १९१३ मध्ये गॅलरियात चामड्याच्या सामानाचे दुकान काढले. धंद्यात बायकांनी पडू नये, असे मारिओंचे मत होते, असे सांगतात. मुलाला धंद्यात रस नव्हता. दुकान सांभाळले ते मुलगी लुईझाने, आणि १९७८ पासून ते जगभर नेले नात मिउच्चा हिने. आजोबांच्या मताचे काय झाले ते आपण समजून घ्यावे!

याच प्राडाने जून २०२५ मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात चपला दाखविल्या. आपल्या कोणाही बाईने पाहताक्षणी ओळखल्या असत्या. कोल्हापुरी! नाव मात्र कोल्हापूरचे नव्हते, भारताचेही नव्हते. चामड्याच्या चपला, एवढेच. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे यांचा तो वारसा आहे. त्या चपलेवरील वेणी गुंफण्याचे नाजूक काम पुष्कळदा घरातल्या बायकाच करतात. महाराष्ट्रात गदारोळ झाला, पत्रे गेली, आणि कंपनीने या चपलांची प्रेरणा भारतीय कारागिरांची आहे हे मान्य केले. त्यांचे लोक कोल्हापुरास येऊन गेले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकाच्या तशाच महामंडळाशी करार झाला. दोन हजार जोड आपल्या कारागिरांकडून करून घ्यावयाचे, आणि जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ऐंशी हजार रुपयांच्या वर!

त्या किमतीतले किती कारागिराच्या घरात पोहोचते, हे पाहत राहणे आपले काम आहे. पण एक गोष्ट निश्चित झाली. बोलले नसते तर नाव लागले नसते. दुकानाची काच वस्तू दाखविते, हात दाखवीत नाही. मेंगोनींच्या गवंड्यांची नावे गेली ती गेली. वेणी गुंफणाऱ्या बाईचे नाव जाऊ द्यावयाचे की नाही, हे आपल्या हाती आहे.

शेवटी आपल्या गावाकडे वळते. गॅलरियाच्याच काळात आपल्याकडेही लोकांसाठी छपराचे बाजार उभे राहिले. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ चे, पुण्याची मंडई १८८६ ची. पुण्याच्या मंडईवरील खर्चाला नगरपालिकेत महात्मा फुले यांनी विरोध केला होता; हा पैसा आधी शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. आज या दोन्ही मंडयांना त्यांचेच नाव आहे. सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च होतो, हा त्यांचा प्रश्न त्या नावाबरोबर जागा राहावा.

आपल्या पेठेतली मंडई पाडून नवे संकुल बांधण्याचे घाटते आहे, हे आपण सगळ्याजणी ऐकतोच. मी नव्याच्या विरुद्ध नाही. चिखलातून भाजी आणण्यात कसलेही पावित्र्य नाही. पण आराखडा मंजूर होण्यापूर्वी मंडळाने लेखी विचारावे, असे मी सुचविते. जमीन नगरपालिकेची राहणार की विकासकाची? आजच्या माळणींना आणि पालेभाजीवाल्यांना आत गाळा मिळणार का, आणि कोणत्या भाड्याने? रात्री फाटक लागणार का? आणि ज्या बाईला काही घ्यायचे नाही, फक्त घटकाभर मैत्रिणीशी बोलायचे आहे, तिला बसायला छपराखाली एखादा बाक ठेवणार आहात का? गॅलरियाच्या काचा, घुमट, संगमरवर हे सारे आपल्याला परवडणार नाही, आणि त्याची गरजही नाही. मिलानच्या नगरपालिकेने १८६९ मध्ये जे राखले, ती वाट, तेवढी राखता आली तरी पुरे.

हे अर्जाचे काम पुढच्या मंगळवारच्या बैठकीत हाती घ्यावे, अशी अध्यक्षबाईंना विनंती करून मी आपली रजा घेते.